अक्काचा हात

हे लिहायला मला माझ्या पुतणीने, मनीषाने बसवलं. ती धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवते. म्हणाली, "काकू, मी लिहिलं तर त्याचा पेपर होईल, लोक वाचणार नाहीत. तुम्ही लिहा." मी बारावी झालेली बाई. एरंडोलला माझा शिवणक्लास आहे. गिऱ्हाइकांची मापं सोडली तर लिहिण्याची सवय नाही. पण मागे एक ओळखीची बाई रडत घरी आली होती. तिचे सासरे दवाखान्यात म्हणत होते, "माझ्या पलंगावर हे कोणाचं मढं ठेवलंय, उचला आधी." घरच्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. मी तिला म्हटलं, ते वेडे झालेले नाहीत, मला माहीत आहे ते काय सांगताहेत. ती ज्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली, ते डोळे आठवले आणि लिहायला बसले.

आधी माणसं सांगते. आमचं घर एरंडोलचं. थोरले दीर, त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, आणि माझे यजमान, असे दोघे भाऊ. घरं दोन, अंगण एक. आबांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ, कमलअक्का. मनीषा तिची लेक. मी आजारी पडले तेव्हा अक्काला जाऊन दोन वर्षं होत आली होती. भरल्या दुपारी पाट्यावर मिरची वाटता वाटता ती एका कुशीवर कलली आणि गेली. आम्ही दोघी एका घरात नांदलो, सख्ख्या बहिणींसारख्या म्हणणार नाही, कारण भांडायचोही. पण कामाला सोबत बसायचो. पापड, बिबडे, शेवया, काहीही असो, ती माझ्या डाव्या अंगाला बसायची. इतकी वर्षं, की माझ्या डाव्या खांद्याला तिच्या खांद्याची सवय होती.

*

त्या सकाळी मी ब्लाउज बेतत होते. कापड टेबलावर पसरलेलं, खडूने आखलेलं. मला बरं वाटत नव्हतं असं काही नव्हतं. उलट हात भराभर चालत होता. यजमान चहा घेऊन आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "दुसरी बाही?"

मी म्हटलं, "झाल्या की दोन्ही."

"एकच कापलीये तू."

मी टेबलाकडे पाहिलं. मला पूर्ण ब्लाउज दिसत होता. एका बाहीचा, अर्ध्या गळ्याचा, आणि तो मला पूर्ण दिसत होता. आज आठवलं की अंगावर काटा येतो तो यामुळेच. काहीतरी हरवलंय असं वाटलं असतं तर मी शोधलं असतं. मला ते हरवलेलं दिसतच नव्हतं. डावीकडचं जग कोणीतरी कात्रीने कापून नेलं होतं आणि शिवण इतकी बेमालूम, की टाका कुठे पडला ते कळू नये.

यजमान माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "तोंड असं काय झालंय तुझं?" ते म्हणाले, आणि ओट्याकडे धावले, मग दाराकडे, मग अंगणात जाऊन आबांना हाका मारायला लागले. मला हसू येत होतं. मी म्हणत होते, "अहो, चहा तर द्या."

गाडीत घालून जळगावला नेलं. रस्त्यातलं मला फक्त उजव्या बाजूचं आठवतं.

*

दवाखान्याचं सांगण्यासारखं फार नाही. सकाळी अंग पुसून घेणं, गोळ्या, बीपी, मग साहेबांची फेरी, मग व्यायाम शिकवणारी मुलगी. खोलीत दोन पलंग. शेजारच्या पलंगावर एक म्हातारी होती, आणि तिची लेक रजिया तिच्याजवळ असायची. त्यांच्या घरी गाद्या-रजया भरायचा धंदा. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या उजव्या अर्ध्यात रक्ताची गुठळी अडकली, म्हणून डावं अंग गेलं. जीव वाचला, आता बाकीचं हळूहळू. यजमानांना हायसं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं.

तो हात मला दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सापडला. जेवण झालं होतं, पडद्यातून ऊन येत होतं. मी कूस बदलायला उजव्या हाताने चादर ओढली, तर बोटांना काहीतरी लागलं. मऊ, जड, गार. मी चादर उचलली. अंथरुणात एक हात होता.

हात होता म्हणजे काय, ते नीट सांगते. मला माहीत होतं की माणसाला दोन हात असतात. माझा डावा हात कुठे आहे असं कोणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, असेल इकडेच कुठेतरी. पण हा तो नव्हता. हा बाईचा हात होता, पालथा पडलेला, कोपरापासून माझ्या कुशीला टेकलेला. मी त्याला शिवले. शिवल्याचं मला कळलं ते माझ्या उजव्या हाताला. त्या हाताला कोणी शिवलं, याची कुठेही काही खबर नव्हती. भिंतीला शिवावं तसं. भिंत कोमट असते, हा गार होता.

मी ओरडले नाही. बघत राहिले. आणि बघता बघता ओळख पटली, जशी गर्दीत पाठमोरी बाई ओळखू येते. बुटकी बोटं, अंगठ्याजवळची ती गादी. अक्काचा हात. ती नेहमीसारखी माझ्या डाव्या अंगाला आली होती.

यजमान आले तेव्हा मी हळूच सांगितलं, "अक्का आलीये. हात बघा तिचा."

ते हसले, मग थांबले. "हा तुझाच हात आहे."

"माझा कसा असेल? माझं ऐकतो का तो?"

त्यांनी तो उचलला, खांद्यापर्यंत बोट फिरवत नेलं. "हा बघ, इथे जोडलेला आहे. तुलाच."

मला ते सगळं दिसत होतं. खांदा माझा, दंड बहुतेक माझा. मग खाली कुठेतरी ती सुरू होत होती. मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळणार," आणि मला त्यांची खरोखर कीव आली.

*

डॉक्टर पन्नाशीचे असतील, कमी बोलणारे. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नर्सकडून भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आले आणि माझ्यासमोर धरला.

"आरशात बघा. हा हात कोणाचा?"

आरशात मी बसलेली होते. केस विस्कटलेले, तोंड वाकडं, दोन हात मांडीवर. "माझा," मी म्हटलं. काही विचार करावा लागला नाही.

त्यांनी आरसा बाजूला केला. "आता खाली बघा. हा?"

मी खाली पाहिलं. "अक्काचा."

पुन्हा आरसा. माझा. पुन्हा खाली. अक्काचा. यजमान पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, ते खिडकीकडे वळले. रजिया तोंडावर ओढणी धरून बघत होती. मला स्वतःलाही कळत होतं की दोन्ही उत्तरं खरी असू शकत नाहीत. पण प्रत्येक उत्तर देताना ते खरं होतं. मला त्या आजारपणात सर्वांत जास्त भीती वाटली ती तेव्हा. हात परका होता म्हणून भीती नव्हती. मी आजवर जिला "मी" म्हणत होते, ती आरसा हलवला की हलते एवढी हलकी वस्तू होती, म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूत आपल्या शरीराचा एक हिशेब सतत चाललेला असतो. हा माझा पाय, हा माझा हात. तुमच्या मेंदूची ती जागा सध्या बंद आहे. हाताकडून निरोप येत नाही. आणि मेंदूला रिकामं राहवत नाही, तो काहीतरी जुळवतो."

"पण अक्काच का?" मी विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "ते मला नाही सांगता येणार. बहुतेकांचं हे काही दिवसांत, काही आठवड्यांत जातं."

जातं, म्हणाले. मी त्या हाताकडे पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

*

बातमी एरंडोलला पोचायला वेळ लागला नाही. भेटायला माणसं येऊ लागली. फळं आणायची, मला कसं आहे विचारायची आणि डोळे चादरीच्या डाव्या बाजूला. कोणीतरी जाताना त्या बाजूला वाकून नमस्कार केला. एका बाईने लेकराला त्या बाजूने जाऊ दिलं नाही.

माझी नणंद सिंधूताई साक्रीकडच्या गावात दिलेली. ती आली ती चप्पल दाराबाहेर काढून, देवळात यावं तशी. यजमानांना बाहेर घेऊन गेली, पण तिची अहिराणी आत ऐकू येत होती. "कमलना जीव अडकेल शे. डाक्टरले काय समजस? हिले आमना गावना भगतकडे लई चला."

यजमान म्हणाले, "इथलं औषध चालू आहे."

"औषधना धाकमा ती जास का?"

यजमान बँकेत नोकरी केलेले, पोथीपुराणाच्या वाटेला न जाणारे. पण आरशाचा प्रकार त्यांनी पाहिला होता. त्या दिवसापासून ते माझ्या उजव्या बाजूलाच बसायचे. पाणी देताना, उशी सारखी करताना, वळसा घालून यायचे. मला जेवण भरवायचे आणि डाव्या हाताला चुकूनही शिवायचे नाहीत. एकदा चादर सरकून तो हात उघडा पडला, तर त्यांनी नर्सला हाक मारली झाकायला. माझ्या लक्षात आलं. माझ्या मते ते बरोबर वागत होते. भावजयीच्या हाताला दिराने शिवावं कशाला?

त्या हाताला मायेने शिवली ती रजिया. नर्स आली नव्हती आणि पंखा जोरात होता. ती आईजवळून उठली, हात चादरीत घेतला, वरून आपली शाल टाकली. मी म्हटलं, "तो माझा नाहीये."

"किसी का भी हो बाजी," ती म्हणाली, "ठंडा पड रहा है."

तेवढंच बोलून ती परत आईच्या पायाशी जाऊन बसली. त्या सगळ्या दिवसांत मला खोटं न पाडणारं आणि घाबरूनही न जाणारं हे एवढं एकच वाक्य ऐकायला मिळालं. मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

*

मनीषा रविवारी धुळ्याहून आली. तिचं शिक्षण मानववंशशास्त्रातलं. माणसं कशी राहतात, कशाला नाती म्हणतात, मेलेल्यांशी कशी वागतात, हे बघत ती साक्रीच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यांवर वर्षानुवर्षं फिरली आहे. भगतांच्या अंगात येताना तिने पाहिलं आहे, शेजारी बसून त्यांच्या बायकांशी बोलली आहे. म्हणून यजमानांना वाटत होतं, ती आली की निकाल लावेल, एक तर हो, एक तर नाही.

ती माझ्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसली. मग तिने अगदी शांतपणे विचारलं, "काकू, हा हात आईचा आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"कसं कळलं म्हणजे? तुला तुझी आई कशी कळायची?"

तिने हात उचलला, मनगट वळवलं. अक्काच्या मनगटावर आतल्या बाजूला गोंदण होतं, तुळशीचं. इथे काही नव्हतं. तिने मला ते दाखवलं, वाद घालायला नाही, नुसतं दाखवलं.

मी म्हटलं, "सूज आलीये ना. खाली गेलंय ते."

हे मी विचार करून बोलले नाही. ते माझ्या तोंडात तयार होतं. आता कळतं की मेंदू जुळवतो म्हणतात ते कसं, पण तेव्हा ती साधी माहिती होती, जशी शेजारच्या घरात कोण राहतं ही माहिती असते.

यजमानांनी तिला विचारलं, "तुझं शास्त्र काय म्हणतं?" भगताचा विषयही काढला.

ती तिच्या काकांना म्हणाली, "नाना, हात परका का झाला ते डॉक्टर सांगताहेत, आणि ते बरोबर सांगताहेत. पण परका झालेला हात आईचाच का झाला, ते त्यांच्या मेंदूच्या फोटोत दिसणार नाही. त्यासाठी आपल्या घरी यायला पाहिजे. पापडाला कोण कोणाच्या कोणत्या बाजूला बसायचं, ते माहीत पाहिजे."

"म्हणजे तिला न्यायचं की नाही?"

"ते मला नका विचारू," मनीषा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "दुसऱ्या कोणाची आई असती तर मी सांगितलं असतं."

यजमान चहाला गेले. खोलीत आम्ही दोघी, आणि पलीकडे म्हातारी घोरत होती. मनीषाने तो हात दोन्ही हातांत धरला. वाकून, जवळजवळ कुजबुजत तिने विचारलं, "काकू, आई काही म्हणते का?"

एवढी शिकलेली मुलगी. मला तिला काहीतरी द्यावंसं फार वाटलं. पण जे नव्हतं ते कसं देऊ? "अगं, नुसता हात आहे," मी म्हटलं. "हाताला कुठे तोंड असतं."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने कपाळ त्या हातावर टेकवलं. तिचे खांदे हलत होते. तिचं रडणं माझ्या कुशीत होतं आणि मला त्याचा ओलावासुद्धा कळत नव्हता. मी वरून बघत होते, दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखी. मग तिने पर्समधून नेलकटर काढलं आणि त्या हाताची नखं कापली, एकेक करून, सावकाश. अक्काच्या शेवटच्या वर्षात मनीषाला ते जमलं नव्हतं, ती धुळ्याला होती.

*

तिकडे सिंधूताईने गाडी ठरवली. यजमान डळमळले. डॉक्टर म्हणाले, आता घेऊन गेलात तर व्यायाम सुटेल, औषधं चुकतील, परत झटका आला तर मी काही करू शकणार नाही. यजमानांनी आबांना बोलावून घेतलं. घरातले मोठे ते, त्यांनी म्हणावं ते करायचं.

आमच्याकडची रीत सांगायला हवी. थोरल्या दिरासमोर धाकटी सून डोक्यावरून पदर घेते, समोर बसत नाही, थेट बोलत नाही. एका अंगणात एवढी वर्षं काढून मी आबांशी एक सरळ वाक्य बोललेले नव्हते. ते अंगणातून येताना खाकरायचे, मी आत व्हायचे. यात रागलोभ काही नव्हता, उलट मान होता. त्यांना शिवण्याचा तर प्रश्नच नाही.

ते दुपारी आले. दारात खाकरले. मी पदर घ्यायला गेले, पण पदर डाव्या अंगाखाली अडकला होता आणि उजव्या हाताला येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर उघड्या डोक्याने होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पांढरी टोपी हातात घेऊन ते पलंगाच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि भावाला म्हणाले, "तिना हात शे म्हने अठे."

यजमानांनी मान हलवली.

"मी जरासा बसू का?"

हे त्यांनी कोणाला विचारलं, मला आजही माहीत नाही. मनीषा अजून जळगावातच होती, तिने खुर्ची दिली. ते बसले. त्यांचे हात मांडीवर होते, मोठे, कापसाच्या बोंडांनी चिरलेले. मग त्यांनी एक हात पुढे केला आणि तो अंथरुणातला हात धरला. यजमान पुढे सरकले आणि थांबले. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण त्यांनी मला धरलंच नव्हतं. एका नवऱ्याने आपल्या बायकोचा हात धरला होता आणि मी उगाच मधे पडले होते. मी मान उजवीकडे वळवली, त्यांना एकांत मिळावा म्हणून.

"मी त्या दिन जामनेरले व्हतू," आबा म्हणाले. ती गेली त्या दिवसाचं, हळू, रोजच्या आवाजात. "कापूस घी गयथू." मग, "तुले थंडी वाजी ऱ्हायनी का वं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, हे मला न बघता कळत होतं. सिंधूताई दारात हात जोडून उभी होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मला भीती वाटली की तोंड उघडलं तर आवाज कोणाचा निघेल.

तेवढ्यात मनीषाने श्वास ओढला. मी मान वळवली. त्या हाताची बोटं हलत होती. मी हलवत नव्हते. देवाशपथ सांगते, माझ्याकडून काही गेलं नाही, काही आलं नाही. बुटकी बोटं एकेक करून वळली आणि आबांच्या तर्जनीभोवती बंद झाली. लहान बाळ धरतं तशी.

आबा हलले नाहीत. सिंधूताई खाली बसली. मी त्या मिटलेल्या मुठीकडे बघत होते आणि माझ्या छातीत कोणीतरी दुसरंच घाबरत होतं.

यजमानांनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोटं सोडवून पाहिली, पुन्हा आपलं बोट तळव्यावर ठेवून पाहिलं. बोटं पुन्हा मिटली. त्यांचा चेहरा उजळला. "छान. हातात ताण येतोय. तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप वळते. चांगलं लक्षण आहे, हात परत येऊ शकतो."

आबांनी त्यांना विचारलं, "ही बरी व्हयनी म्हंजे हाऊ हात हिना व्हई जाई?"

डॉक्टरांना समजलं नाही. मनीषाने सांगितलं. ते म्हणाले, "हो. तेच तर आपल्याला हवंय. तो यांचा होईल."

"आन तिना ऱ्हावाव नही."

मनीषाने हे डॉक्टरांना सांगितलं नाही. ती वडिलांना म्हणाली, "नाही राहणार, आबा."

आबा उठले. टोपी घातली. तो हात त्यांनी चादरीत सारून चादर वरपर्यंत ओढली, आणि बहिणीकडे वळून म्हणाले, "मंग व्हऊ दे. गाडी परत धाडी दे. इलाज बंद करना नही."

*

त्यानंतर व्यायाम सुरू राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला रोज त्या हाताला तेल लावायला सांगितलं, नाव घेऊन, "हा माझा हात" असं म्हणत. मी म्हणायचे, शाळेत पाढे म्हणावे तसे. पोटातून म्हणत नव्हते. यजमान एक दिवस उजवीकडून उठून डावीकडे आले आणि तेल लावायला बसले. बराच वेळ लावत बसले. मग म्हणाले, "कोणाचा का असेना, मी लावतो." रजियाचं वाक्य त्यांनीही ऐकलं होतं तर.

मला घरी सोडायच्या थोडं आधी मनीषा पुन्हा आली. नेहमीसारखी डाव्या बाजूला बसली, नेलकटर काढलं. ती मला कॉलेजातलं काहीतरी सांगत होती, मी ऐकत होते.

"अगं, दुखलं ना," मी म्हटलं.

ती थांबली. "काय दुखलं?"

"बोट. जिव्हाळी लागली."

हे बोलून झाल्यावर मी काय बोलले ते मला कळलं. करंगळीच्या टोकाला एक बारीक ठसठस होती. लांबून आल्यासारखी, पण माझ्याकडेच येणारी. मी खाली पाहिलं. सुजलेला, पिवळट, ओळखीचा हात. माझा. लग्नात घातलेल्या अंगठीचा वळ बोटावर होता. इतके दिवस तो तिथेच होता आणि मला दिसला नव्हता.

मनीषाने हात एकदम सोडून दिला, चटका बसावा तसा. "बरं झालं, काकू," ती म्हणाली, "फार बरं झालं." आणि उठून बाहेर गेली. मला माहीत होतं ती का गेली. अंथरुणात माझ्या डावीकडे जागा रिकामी झाली होती. एवढी रिकामी, की मी उजव्या हाताने चाचपून पाहिली.

थोड्या वेळाने ती परत आली, डोळे धुवून. बसली. हात परत हातात घेतला आणि राहिलेली दोन नखं कापली.

*

आता मी चालते, काठी घेऊन. डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत, सरळ शिवण घालता येते, बाही जोडायला मुली मदत करतात. ताटात डावीकडची कोशिंबीर कधी कधी राहून जाते, मग यजमान ताट फिरवून देतात. सकाळी जाग येताना क्षणभर तो हात कोणाचा आहे ते ठरत नाही. मी घाई करत नाही, पडून राहते, मग तो माझा होतो.

तुमच्या घरात कोणी असं काही म्हणालं तर त्याच्याशी भांडू नका आणि त्याला घाबरूही नका. औषध बंद करू नका. तो ज्या अंगाला नाकारतो, त्याच अंगाला जाऊन बसा. त्याला विचारा, हा हात कोणाचा वाटतो तुला. उत्तर ऐकून घ्या. ते नाव उगाच आलेलं नसतं.

परवा मी अंगणात उन्हाला बसले होते. यजमान गावात गेलेले. आबा शेतावर निघाले होते. ते खाकरले, मी पदर घेतला. नेहमीसारखे ते बाजूने निघून जातील असं वाटलं, पण ते उभे राहिले. तोंड दुसरीकडे, फाटकाकडे करून.

"त्या दिन," ते म्हणाले, "तिनी मना हात धरा व्हता ना?"

डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ आहे. तळव्याला काही लागलं की मूठ वळते. मनीषाने मला त्याचं मोठं नावही सांगितलंय. पण आबांनी ते विचारलं नव्हतं. खोलीत होते त्यांच्यात त्या हाताच्या सर्वांत जवळ मी होते, आणि त्या वेळी तो माझा नव्हता. आबा थांबून राहिले. घरात दुसरं कोणी नव्हतं, ज्याच्या तोंडून निरोप द्यावा.

"हां आबा," मी म्हटलं. "धरा व्हता. मी देखं."

ते मान हलवून शेताकडे गेले.